दुसऱ्या दांडीची रेकी

साताऱ्याला आलेला माणूस कासचं पठार बघतो, ठोसेघरचा धबधबा बघतो आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी जातो. आम्ही पंच्याण्णव सालच्या श्रावणात सातारा, वडूज, जत आणि पाटण असा चार दिवसांचा दौरा केला आणि त्यात एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलं नाही. पाहिल्या त्या जीपगाड्या, आणि त्याही बऱ्याचशा खालून. तरी हा प्रवास लिहून ठेवावासा वाटतो, कारण ज्या दोन माणसांना चारचाकी गाडीची पारख करायची होती ती चारही दिवस एसटीने हिंडत होती, एवढी एकच गोष्ट त्यांच्या अकलेची कल्पना यायला पुरेशी आहे.

त्या दोघांतला एक मी. सांगलीच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवतो. दुसरा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ हणमंत. सोळा वर्षं फौजेत काढून तो हवालदार म्हणून नुकताच परत आला होता. फौज म्हटल्यावर लोकांना बर्फ, बंदूक वगैरे दिसतं. हणमंताची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. त्याने सोळा वर्षांत जेवढे बूट मोजले तेवढे कुणी घातलेसुद्धा नसतील. पण गावात तो 'मिल्ट्रीमॅन' होता आणि तसंच चालत होता.

पाटणच्या वर डोंगरात त्याची वाडी. तिथून पाटणपर्यंत वडापची जीप चालवायची, म्हणजे माणशी भाडं घेऊन मावतील त्याच्या दुप्पट माणसं न्यायची, असं त्याने ठरवलं होतं. प्रश्न एवढाच होता, की जीप साधी घ्यायची की फोर बाय फोर. साध्या जीपला इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो. महागडीत गिअरच्या शेजारी आणखी एक दांडी असते. ती ओढली की पुढची चाकंही जोर लावतात. वाडीच्या रस्त्यावर म्हसोबाचं वळण नावाचा लाल मातीचा चढ आहे आणि पावसाळ्यात तिथे गाडी चढत नाही. म्हणून हणमंताला दुसरी दांडी हवी होती.

त्याच्या बायकोला, सुशीलावहिनींना, ती नको होती.

"गाडी घ्या, मी न्हाई म्हनत न्हाई," निघायच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या. "पर साधी घ्या. दोन गाड्यांत जेवढा फरक हाय तेवढ्यात माझी गिरणी बसती, इंजिनासकट. वाडीतली गिरणी बंद पडली तवापासनं दर बाजारला दळान डोक्यावर घिऊन पाटणला जाती मी. आता ह्या मानंत काय ऱ्हायलं न्हाई, दाजी. तुमी शिकल्यालं हाय, तुमी सांगा ह्यास्नी."

मी शिकलेला आहे म्हणून मी काहीच सांगितलं नाही. मी म्हणालो, "बघू, चार ठिकाणी चौकशी करू." दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात आपली सुटका करून घ्यायला इतकं चांगलं वाक्य मराठीत दुसरं नाही. हणमंताने ते लगेच उचललं.

"करेक्ट! रेकी केल्याबिगर जवान एक पाऊल टाकत न्हाई," तो म्हणाला आणि त्याने ट्रंकेतून खाकी पिशवी काढली.

सातारा

शोरूममधला तरुण टाय लावून बसला होता. श्रावणातल्या दमट हवेत त्या टायने त्याचे हाल चालवले होते, पण कंपनीचा नियम असावा. त्याने आम्हाला आधी थंड पाणी दिलं, मग इंग्रजी पुस्तिका. मुखपृष्ठावर जीप एका परदेशी डोंगरावर चढलेली, शेजारी एक गोरा माणूस आणि त्याचा केसाळ कुत्रा. रस्ता कोरडा ठणठणीत होता. त्या डोंगरावर आमच्या दूधवाल्याची सायकलसुद्धा चढली असती.

"दाजी, वाचा," हणमंत म्हणाला. मला त्याने या मोहिमेत घेतलं होतं ते याच कामासाठी.

मी वाचलं. महागड्या मॉडेलला दुसरी दांडी होतीच. शिवाय कापडी सीट, डॅशबोर्डवर घड्याळ, सिगारेट पेटवायची सोय आणि दोन्ही बाजूंना 'फोर बाय फोर' असं लिहिलेली चांदीरंगी पट्टी. हणमंत तंबाखू खातो आणि मनगटावर फौजेतलं घड्याळ बांधतो. पण समोर उभ्या असलेल्या गाडीच्या पट्टीवरून त्याने दोनदा हात फिरवला, तेव्हा मला वहिनींच्या गिरणीची काळजी वाटायला लागली.

"हिला चिखलात घातली तर?" त्याने विचारलं.

"साहेब, कुठेही घाला!" टायवाला म्हणाला.

"तुम्ही स्वतः घातली आहे का?" मी विचारलं.

तो हसला. "मला गाडी येत नाही सर. मी सेल्सला आहे."

या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याचे मनापासून आभार मानले. गाडी चालवता न येणारे तीन पुरुष गाडीच्या ताकदीवर पाऊण तास बोललो. हो, हणमंतालाही तेव्हा गाडी येत नव्हती. लायसन काढायचं होतं. आधी गाडी घ्यावी, मग शिकावी, असा त्याचा हिशेब होता.

वडूज

इकडे काही घ्यायचं झालं, मग ती म्हैस असो की मोटर, तर ज्याच्याकडे ती आहे त्याच्या घरी जाऊन विचारायची रीत आहे. सांगलीत आम्ही दुकानदाराला विचारतो आणि फसतो. इथे लोक पाहुण्याला विचारतात, जेवतात आणि मग फसतात. फरक जेवणाचा आहे आणि तो लहान नाही.

वडूजला हणमंताच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली फोर बाय फोर होती. श्रावणामुळे मटण नाही याबद्दल त्यांनी तीनदा माफी मागितली आणि आम्हाला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि घेवड्याची उसळ वाढली. माडगं मी आधी कधी प्यायलो नव्हतो. दुसरी वाटी मागताना मला संकोच वाटला, तिसरी मागताना वाटला नाही.

मग गाडी पाहायला गेलो. ती गोठ्याशेजारी खास बांधलेल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ताडपत्रीखाली चादर, चादरीखाली जीप. सीटवरचा कंपनीचा प्लास्टिकचा कागद तसाच होता. आणि दुसऱ्या दांडीवर लाल मखमलीची, जरीची किनार लावलेली टोपी चढवलेली.

"आमच्या मंडळींनी शिवली," सुभेदार म्हणाले.

"कधी ओढून बघितली?" मी विचारलं.

"दांडी?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "आवं मास्तर, वडूजात चिखल कुठनं आणायचा? पाऊसच न्हाई. गाडी लग्नाला काढतो. नवरदेव बसतो. लय शोभून दिसती."

"मग फोर बाय फोर का घेतलीत?"

सुभेदारांनी रस्त्यापलीकडच्या घराकडे मान वळवली. "त्यानं साधी घेतली व्हती," ते म्हणाले.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, हणमंत काहीतरी शिकला असेल. स्टँडवर आल्यावर तो म्हणाला, "दाजी, गाडीला शेड पायजेच. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

जत

जतला पोचलो तेव्हा एकाच जिल्ह्यात दोन ऋतू असतात याची खात्री पटली. सांगलीत कृष्णा दुथडी वाहत होती आणि इथे पाण्याच्या टँकरमागे हंड्यांची रांग होती. माळावर मेंढ्या आणि मध्येच एखादं बाभळीचं झाड, यापलीकडे नजर अडायला काही नव्हतं.

आमचे यजमान मलगोंडाअण्णा टँकरचीच कामं घेत. दारात त्यांच्या आईने "बर्री, बर्री, कुंद्री" म्हणून बसायला घोंगडं टाकलं. कन्नड येत नसलं तरी घोंगडं टाकल्यावर काय करायचं ते कळतं. शाळूची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि घट्ट दही झालं. अण्णांनीही मटणाबद्दल माफी मागितली. एवढ्या ठिकाणी न मिळालेलं मटण माझ्या आयुष्यात पुन्हा कधी आलं नाही.

अण्णांची गाडी मात्र वापरातली होती. धुळीने माखलेली, मखमल नाही, प्लास्टिक नाही. हणमंताचे डोळे चमकले. "हा खरा गडी," तो माझ्या कानात म्हणाला.

"चला, मेंढरं दावतो तुमास्नी," अण्णा म्हणाले. "मंग कळंल फोर बाय फोर काय चीज हाय."

वाटेत कोरडा ओढा होता. अण्णांनी गाडी सरळ वाळूत घातली. मधोमध गेल्यावर ती थांबली, मागची चाकं भिरभिरली आणि हळूहळू खाली जायला लागली.

"आता बघा हां," अण्णा म्हणाले आणि मोठ्या डौलाने दुसरी दांडी ओढली.

मागची चाकं आणखी खाली गेली. अण्णांनी दांडी ढकलली, पुन्हा ओढली. पुढची चाकं नव्या सुनेसारखी जागच्या जागी उभी होती. मी खाली उतरलो, गाडीच्या पोटाखाली डोकं घातलं. पुस्तिकेतलं चित्र मला पाठ झालं होतं. इंजिनाकडून पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो जिथे असायला हवा होता तिथून मला समोरची मेंढरं दिसली.

"अण्णा, इथला शाफ्ट कुठे आहे?"

"शाफ्ट व्हय?" अण्णा शांतपणे म्हणाले. "त्यो घरात हाय की."

त्यांनी सांगितलं ते असं. शाफ्ट फिरला की डिझेल जास्त लागतं, म्हणून गाडी घेतली त्याच महिन्यात त्यांनी तो काढून ठेवला. इकडं समदेच काढतात. मग दांडी ओढून उपयोग काय, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "ओढायची सवय ऱ्हाती."

मेंढक्यांनी आणि टँकरच्या ड्रायव्हरने मिळून आम्हाला ओढून काढलं. घरी आल्यावर अण्णांनी माळ्यावरून शाफ्ट उतरवून दाखवला. काळ्या घोंगड्यात गुंडाळलेला, तेल लावलेला, वर हळदीकुंकवाचे सुकलेले ठिपके.

"खंडेनवमीला खाली काढतो," अण्णा म्हणाले. "हत्यारांची पूजा असती न्हवं? इळा, कुऱ्हाड ठेवतो, त्येच्याशेजारी ह्यो. मंग परत वर."

ज्याच्यासाठी एवढे जादा पैसे मोजले ती वस्तू वर्षातून एकदा माळ्यावरून उतरते, कुंकू लावून घेते आणि परत जाते. मला वाटलं, आता तरी गिरणी बसली.

"दाजी," सांगलीच्या एसटीत हणमंत गंभीरपणे म्हणाला, "ह्या लोकांस्नी डिसिप्लिन न्हाई. आपन शाफ्ट काढायचा न्हाई. आपन फोर बाय फोरच घ्यायची."

मी चिडलो. चार माणसांच्या देखत चिडलो. म्हणालो, "हणमंता, तुला गाडी नको आहे, तुला पट्टी हवी आहे." तो खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "सोळा वरीस बूट मोजलं, दाजी. गावात कुनाला सांगितलं न्हाई मी. एक तरी गोष्ट पयल्या नंबरची असावी का न्हाई माझी?" त्याला 'पट्टी' म्हटल्याचं मला वाईट वाटलं. चारही दिवसांत माझी एवढी एकच गोष्ट खरोखर चुकली असं मी तेव्हा समजत होतो.

पाटण

मधली रात्र सांगलीत माझ्या घरी काढून पाटणला उतरलो तो बाजारचा दिवस होता. ढगांनी डोंगर अर्धे खाल्ले होते आणि स्टँडवर भजी तळली जात होती. सुशीलावहिनी दळण घेऊन आलेल्या होत्या. पिठाची दोन पोती पायाशी ठेवून त्या आमची वाट बघत बसलेल्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, मला विचारलं.

"काय झालं, दाजी?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातलं भजं पुन्हा पुड्यात ठेवलं.

हणमंताचा चुलतभाऊ आबा पाटणला वडापची जीप चालवायचा. अगदी साधी. पावसाळ्यात तो फक्त चढाच्या पायथ्यापर्यंत जाई. हणमंताने त्याला गळ घातली, की आज वाडीपर्यंत चल, साधी गाडी म्हसोबाच्या वळणावर अडकते की नाही ते दाजींना एकदा डोळ्यांनी बघू दे. हरायला तयार असलेली गाडी शर्यतीला नेण्याचा हा प्रकार होता. पण आबा तयार झाला आणि फुकट गाडी म्हटल्यावर वाडीची आणखी नऊ माणसं तयार झाली.

वळण आलं. लाल चिखल, वर चढ, कडेला शेंदूर फासलेला म्हसोबा. गाडीने वेग घेतला, वळणाच्या तोंडाशी जरा अडखळली, आणि त्याबरोबर मागची सगळी माणसं पटापट खाली उतरली. कुणी सांगितलं नव्हतं. इथे बैलगाडी चढाला लागली की माणसाने उतरायचं, बैलावर भार टाकायचा नाही, हे लहान मूलही जाणतं. जुन्या लोकांना तर चढावर बसून राहणं म्हणजे पापच वाटतं. चांगली रीत आहे. सर्वांत आधी मीच उतरलो.

हलकी झालेली गाडी थुईथुई नाचली. मागची चाकं जागेवरच फिरत राहिली आणि गाडी कासराभर मागे घसरत आली.

"बघितलं?" हणमंत विजयी मुद्रेने म्हणाला. "दुसऱ्या दांडीबिगर जमणार न्हाई."

सुशीलावहिनी एकट्याच गाडीत बसून होत्या. पिठाची पोती सोडून उतरायला त्या तयार नव्हत्या. त्या आतूनच कडाडल्या.

"आवं, समदी उतरल्यावर चाकावर वझं कुठलं ऱ्हातंय? बैल पुढनं वडतो, म्हून उतरायचं. हितं मागची चाकं रेटत्यात. ती हलकी केल्यावर कशाला धरतील? बसा समदी आत! मागं बसा, मागं!"

मी तिथे चिखलात उभा होतो. वीस वर्षं मी नववीला घर्षण शिकवतो. पृष्ठभागावरचा भार वाढला की घर्षण वाढतं, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडूने मला ओळखावं. आणि ते वाक्य मला त्या दिवशी एका बाईने पिठाच्या पोत्यावर बसून समजावून सांगितलं. मला लाज वाटली. पट्टीबद्दल बोललो त्याची वाटली होती तिच्याहून जास्त, कारण सातारच्या शोरूममध्येच मी हे बोललो असतो तर चार दिवसांची पायपीट वाचली असती. पण मला 'चौकशी' करायची होती.

कुरकुरत सगळे चढले. मागे दाटीवाटीने बसले. दोघे तर मागच्या फळीवर लोंबकळले. पोती अगदी कडेला सरकवली. आबाने गाडी थोडी मागे घेतली, म्हसोबाला हात जोडले आणि सोडली. ती ओरडली, डुलली, एकदा आडवी होते की काय असं वाटलं, पण चाकांनी मातीला धरलं आणि आम्ही वळणाच्या वर होतो.

हणमंत खाली उतरून मागच्या चाकांकडे बघत राहिला.

"ठीक हाय," तो शेवटी म्हणाला. "पर रोज एवढी माणसं कुठनं आणायची? रिकामी गाडी चढवायची झाली तर?"

"माणसं कशाला?" वहिनी म्हणाल्या. "गिरणी बसवा. खालच्या दोन वाड्यांचं दळान तुमच्याच गाडीतनं वर यील. पोती उतरत न्हाईत कधी."

पुन्हा पाटण

पुढच्या श्रावणात बायकोबरोबर सासुरवाडीला गेलो. पाटणच्या स्टँडवर हणमंताची साधी जीप उभी होती. मागे धान्याची सहा पोती, त्यांवर पायली-पायलीच्या पिशव्या, त्यांवर माणसं. वाडीत गिरणीचं इंजिन दिवसभर पुकपुकतं, असं आबाने सांगितलं. वहिनींच्या मानेचं दुखणं बरंच कमी आहे, असंही कळलं.

मी पुढे बसलो आणि दचकलो. गिअरच्या शेजारी दुसरी दांडी होती. वर काळी, गोल मूठ.

"हणमंता, हे काय?"

"कराडात वेल्डिंगवाल्याकडनं बसवून घेतली," तो समोर बघत म्हणाला. "खाली कशाला जोडल्याली न्हाई. नुसती फरशीला डकवलीया."

मला हसू आवरेना. चार दिवसांची रेकी, दोन घरची जेवणं, आणि शेवटी या माणसाने आपली पट्टी मिळवलीच, असं मनात आलं. त्या दांडीला वहिनींनी गिरणीची किल्ली अडकवून ठेवली होती. त्यांनी तिची किंमत बरोबर केली होती.

म्हसोबाचं वळण आलं. पावसाने चिखल मागच्या वर्षीपेक्षा जास्त झाला होता. मागून चुळबुळ ऐकू आली. कुणीतरी "उतरू का रं?" म्हणालं, एकाचा पाय बाहेर निघालाच होता. हणमंताने किल्ली बाजूला सारली, सगळ्यांना दिसेल अशी दांडी धरली आणि दणक्यात मागे ओढली.

"फोरात टाकली," तो ओरडला. "कुनी हलायचं न्हाई!"

पाय आत गेला. सगळे मागे गच्च बसून राहिले, पोत्यांसारखे. गाडी चढली.

मी घर्षण शिकवणारा माणूस. दांडी कशाला जोडलेली नाही हे मला पाटणलाच कळलं होतं. तरी त्याने ती ओढली तेव्हा मीही सीटची कड दोन्ही हातांनी धरली आणि हललो नाही.